दिवसाला अडीच बाटल्या

बाल्टिमोर
१८ ऑगस्ट १९९१

प्रिय लिओनार्डकाका,

रागावला असाल. रागवा. सलग नऊ दिवस वॉर्डात ड्युटी झाली, दहाव्या दिवशी पाय इतके सुजले की बुटात जाईनात. शेवटी चपला घालून चर्चला मिसाला गेले. फादर सगळा वेळ माझ्या पायांकडेच बघत होते.

पण आजचं पत्र रडगाण्याचं नाही. आज मी कुठे गेलेले ओळखा. सोड्याच्या म्युझियमला! खोटं नाही सांगत. इथे बंदराजवळ एक सोडा फॅक्टरी आहे, कधीच बंद पडलेली, तिचंच म्युझियम केलंय. आपल्याकडे म्युझियममध्ये राजेमहाराजांच्या तलवारी ठेवतात, इथे बाटल्या आणि बुचं. माझ्याबरोबर राहणारी फिलिपिनो नर्स म्हणाली, चल, आत थंडगार आहे, बसायला बाकडी पण आहेत. आम्ही बाकड्यांसाठी गेलो.

आत गेले तर समोर काचेच्या पेटीत काय असावं? गोटीची बाटली. खाली मखमल, वर दिवा. पाटीवर लिहिलेलं, 'मागच्या शतकातली बाटली, आता वापरात नाही.' काका, मी एवढ्या मोठ्याने हसले की पहारेकरी आला. त्याला सांगणार होते, बाबा रे, आमच्या फिलिप अँड ब्रदर सोडा वॉटरमध्ये जगनदादा रोज सकाळी ह्याच बाटल्या धुतो आणि माझा काका त्या विठ्ठलवाडीपासून टिटवाळ्यापर्यंत पाठवतो. पण कोपरी कुठे, ठाणे कुठे, इथून सुरुवात करावी लागली असती. अंगात तेवढी ताकद नव्हती.

शेवटच्या दालनात भिंतीला नळ लावलेत. प्रत्येक नळावर देशाचं नाव, खाली कागदाचे इवलेसे पेले. हवे तेवढे प्या. मी सतरा देश प्यायले. जपानचा खरबुजाचा, हिरवागार. पेरूचा पिवळाजर्द, त्याला चव बबलगमची. इटलीचा तर काडेचिराईत, जंत झाले की काकी नाक दाबून पाजायची तसला. लोक तो तोंडात घेतात आणि बेसिनकडे पळतात. इथल्या लोकांचा आवडता एक आहे, त्याला पाठीला चोळायच्या मलमाचा वास येतो. आणि मेक्सिकोचा चिंचेचा! तो प्यायले आणि तिथेच उभी राहिले. फिलिपिनो विचारते, काय झालं? म्हटलं काही नाही, नाकात गेला.

एक वाईट बातमी. नाताळला येणं होणार नाही. इथे कायमचं राहायच्या कागदांसाठी अर्ज केलाय. वकील म्हणतो अजून वर्ष-दीड वर्ष लागेल, आणि तोवर देशाबाहेर पाऊल टाकलं की अर्ज रद्द, परत आत घेणार नाहीत. तीन वर्षं घासली ती ह्या कागदांसाठीच. काकीला तुम्हीच सांगा, मला तिचा आवाज ऐकवणार नाही.

तुमची,
डॉरिस

*

कोपरी, ठाणे पूर्व
९ सप्टेंबर १९९१

प्रिय डॉरिस,

काय गो, आपल्या बाटलीखाली मखमल? इथे आम्हाला क्रेटखाली घालायला गोणपाट मिळत नाही. तुझं पत्र जगनला वाचून दाखवलं. 'वापरात नाही' ऐकून तो म्हणतो, शेठ, मग मला पण त्या पेटीत ठेवा म्हणावं. बसून तरी राहीन.

काकीला सांगितलं. तिने भांडी आपटली, मग दोन मेणबत्त्या लावल्या. एक तुझ्या कागदांसाठी. दुसरी कशासाठी ते मी विचारलं नाही.

मी बरा आहे. म्हणजे दमतो. पूर्वी दमायला काहीतरी काम करावं लागायचं, आता उठून बसलं तरी पुरतं. फॅक्टरीत तासभर जातो, खुर्ची टाकून बसतो, बाटली भरल्याचा आवाज ऐकतो. गॅस कमी पडला की मला खुर्चीवरून कळतं, जगनला मशीनपाशी उभं राहून कळत नाही. तो म्हणतो, तुम्ही कान ठेवून घरी जा.

आता एक काम आहे. परत जा त्या म्युझियममध्ये. आणि ह्या वेळी नीट पी. कडू, गोड, आंबट असं काय लिहितेस? सोडेवाल्याच्या घरची पोर ना तू? मला सांग, किती गार होतं? बुडबुडा बारीक की मोठा? ओठाला लागल्यावर आधी काय येतं आणि गिळल्यावर घशात काय राहतं, किती वेळ राहतं? पेल्याला बाहेरून पाणी सुटलेलं का? चिंचेचं तर सगळं लिही, एक घोट पण गाळू नकोस.

घाई नाही. पण लवकर लिही.

तुझा काका

*

बाल्टिमोर
६ ऑक्टोबर १९९१

प्रिय काका,

तुमच्यापुढे हात टेकले! आज एकटी गेले, वही-पेन घेऊन. पहारेकऱ्याने मला ओळखलं, म्हणाला, बाटलीला हसणारी बाई आली. आता घ्या तुमचा एकेक घोट.

चिंचेचा. पेला हातात धरला आणि बोटं बधिर झाली, इतका गार. बाहेरून पाणी सुटलेलं, कागद ओला होऊन मऊ पडला. ओठाला लागला तेव्हा आधी काहीच चव नाही, नुसता गारवा, वरच्या ओठावर बारीक तुषार उडतात. मग जिभेच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात. पाणी सुटतं तोंडाला, म्हणजे पिण्याआधीच तोंड भरतं. गिळला की घशातून छातीपर्यंत एक गार रेघ जाते आणि मधेच कुठेतरी थांबते. मागे गुळासारखं काहीतरी राहतं. मी घड्याळ लावून बघितलं, तीन मिनिटं राहतं.

आफ्रिकेतला आल्याचा. बुडबुडा मोठा, रांगडा. पहिल्या घोटाला ठसका लागतो, कान गरम होतात, डोळ्यातून पाणी. दुसरा घोट एवढा मोठा घेतला की गाल फुगले. मग ढेकर आला, आपल्या जिरा सोड्यासारखा, पोटाच्या तळातून. बाजूची गोरी बाई माझ्याकडे बघायला लागली. बघू दे.

जपानचा खरबुजाचा. ह्याचा बुडबुडा एकदम बारीक, जिभेवर फुटतो तेव्हा कळत पण नाही. हा गटागटा प्यायचा सोडा आहे. मी चार पेले एका दमात रिकामे केले आणि पाचवा हळूहळू, तोंडात धरून ठेवून, मग थोडा थोडा सोडून. गिळल्यावर बराच वेळ तोंडात थंडावा राहतो, श्वास घेतला की परत जाणवतो.

इटलीचा कडू मुद्दाम शेवटी घेतला. पहिल्या घोटाला नको वाटतं. पण पळून गेलं नाही आणि थांबलं, तर चौथ्या घोटाला तहान भागते. गोडाने भागत नाही तशी भागते.

अजून नऊ देशांचं मागच्या चार पानांवर लिहिलंय. पेन संपलं, नाहीतर अजून लिहिलं असतं.

आता खरं सांगा, नवीन फ्लेवर काढताय ना? चिंचेचा सोडा! कल्याणला उन्हाळ्यात काय जाईल! मला ठाऊक आहे, तुम्ही आजारी असल्याचं नाटक करून खुर्चीत बसून डाव रचताय. जगनदादाला विचारते थांबा.

तुमची,
डॉरिस

*

कोपरी
२ नोव्हेंबर १९९१

प्रिय डॉरिस,

आज आत्म्यांचा दिवस. सकाळी फिलिपच्या कबरीवर फुलं ठेवून आलो. चालत गेलो, रिक्षाने आलो.

तुझं पत्र पोचलं. काय लिहिलंस गो! मी एका दिवशी एकच देश वाचतो. दोन वाचले तर पुढच्या दिवशी काय करायचं?

फ्लेवर-बिवर काही नाही. कल्याणची दुकानं आता आपला माल घेत नाहीत, त्यांना पत्र्याच्या बुचाचा थंडा पाहिजे. विठ्ठलवाडीला एक टपरी उरलीय, टिटवाळ्याला दोन. जगन अजून जातो, सवय म्हणून. मला वाईट वाटायला पाहिजे, पण वाटायला पण अंगात काहीतरी लागतं.

तुला सांगायचं नव्हतं, पण लिहायला बसलो की हात थांबत नाही. मी आता दिवसाला अडीच बाटल्यांवर आहे. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी अर्धी. त्यावर एक थेंब घेतला तर काकी घर डोक्यावर घेते. आतल्या खोलीला कुलूप लावलंय तिने, चावी कमरेला. माझ्याच घरात मी चोर. परवा राहवलं नाही म्हणून गोदाबाईकडे गेलो आणि गुपचूप पिऊन आलो. दुसऱ्या दिवशी पाय सुजले, तोंड सुजलं, पकडलो गेलो. फादर येऊन समजावून गेले, लिओनार्ड, मनावर ताबा ठेव. साठी आली, आता कुठून आणू ताबा? संध्याकाळची अर्धी संपली की घड्याळाकडे बघायची पण भीती वाटते.

जाऊ दे. तू मनाला लावून घेऊ नकोस. अजून नवीन देश आला तर कळव.

काका

*

बाल्टिमोर
२४ नोव्हेंबर १९९१

काका,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं मला नीट कळलं नाही. मग कळलं.

ही सगळी वाक्यं मी आधी ऐकलीत. माझ्या पप्पांच्या तोंडून. 'दिवसाला एवढीच घेतो.' 'मी माझ्याच घरात चोर.' 'राहवलं नाही.' त्यांचं पण तोंड असंच सुजायचं. आई आधीच गेलेली, खोलीला कुलूप तुम्ही लावायचात, आणि चावी मी माझ्या दप्तरात लपवायचे. अकरा वर्षांची होते. आणि गोदाबाईकडे काय मिळतं हे सगळ्या कोपरीला माहीत आहे. पप्पा तिच्याच ओट्यावर पडले ते उठले नाहीत.

तुम्ही पण प्यायचात तेव्हा. पप्पांच्या शवपेटीवर हात ठेवून तुम्ही म्हणालात, 'डॉरिस, आजपासून एक थेंब नाही.' मी त्या शब्दावर मोठी झाले. सतरा वर्षं. मी इथे दुसऱ्यांची घाण काढते, पाय सुजवून घेते, तेव्हा मनात एक गोष्ट पक्की असते की माझा काका शुद्धीवर आहे. आणि तुम्ही मला सोड्याची चव विचारताय. आता कळलं, कशात मिसळायला.

काकीची मला लाज वाटते. त्याच पत्रात पप्पांच्या कबरीवर फुलं ठेवलीत हे लिहिताना तुमचा हात थांबला नाही?

सोडाल तेव्हा कळवा. तोवर मला लिहू नका, मी पण लिहिणार नाही. ह्यापेक्षा जास्त बोलायला माझ्याकडे जोर नाही.

डॉरिस

*

कोपरी
१६ डिसेंबर १९९१

प्रिय डॉरिस,

पत्र मिळालं. तू म्हणतेस तसंच समज. माझी चूक आहे. काकीला ह्याबद्दल काही लिहू नकोस, तिला आधीच पुष्कळ आहे.

कागदांकडे लक्ष दे. नाताळला चर्चला जा, गरम कपडे घाल.

काका

*

कोपरी
२० मे १९९२

प्रिय डॉरिस बाय,

मला पत्र लिहायची सवय नाही, शाळा चौथीपर्यंत. चुकलं तर सांभाळून घे. ह्यांना न सांगता लिहिते.

पाच महिने झाले तुझं पत्र नाही. मी रोज पोस्टमनला विचारते. हे म्हणायचे, पोर कामात आहे. काल गादीखाली तुझं नोव्हेंबरचं पत्र सापडलं. वाचलं आणि मी खालीच बसले. अगं, उचलली जीभ लावली टाळ्याला असं कसं केलंस गो? एकदा मला तरी विचारायचंस!

हे दारू पीत नाहीत. सतरा वर्षांत वासपण घेतला नाही. ह्यांच्या दोन्ही किडन्या गेल्यात. मागच्या जुलैपासून. आठवड्यातून दोनदा मी आणि जगन ह्यांना मुंबईला मशीनवर नेतो. चार तास रक्त बाहेर काढून धुतात आणि परत आत घालतात. आल्यावर हे भिंतीकडे तोंड करून पडतात.

डॉक्टर म्हणाला, दिवसाला अर्धा लिटर पाणी. चहा, आमटी, औषधाबरोबरचा घोट, सगळं त्यात. हे म्हणाले, मला लिटर कळत नाही, मी बाटलीत मोजणार. मग मी रोज सकाळी गोटीच्या बाटल्यांत साधं पाणी भरून देते. दोन पूर्ण आणि एक अर्धी, चहापण त्यातूनच करते. ह्याच त्या अडीच बाटल्या. आतल्या खोलीत माठ आहे म्हणून कुलूप. जन्मभर दुसऱ्यांना सोडा पाजला, आणि आता माठाच्या दाराशी जाऊन उभे राहतात. आणि गोदाबाईचं काय घेऊन बसलीस? तिने तो धंदा सोडून दहा वर्षं झाली, पापड लाटते आता. तिच्याकडे हे दोन तांबे पाणी प्यायले. पाणी! त्याने सुजले.

मी विचारलं, पोरीला खरं का नाही सांगितलंत? म्हणाले, दारुडा समजली तर रागावून तिथेच राहील. खरं कळलं तर कागद टाकून येईल, आणि नर्स आहे, आपली एक किडनी काढून टेबलावर ठेवील. राग बरा.

तुझी ती सोड्याची दोन पत्रं. संध्याकाळची अर्धी बाटली संपली की ती काढतात. झोप येईपर्यंत वाचतात. मोठ्याने नाही, ओठ हलवून. घडीवर कागद फाटला, मी मागून गमपट्टी लावली. खरबुजाचं आता त्यांना पाठ आहे. मी विचारलं, ह्याने काय होतं? म्हणाले, तोंडाला पाणी सुटतं, तेवढं आपलं, ते मोजत नाहीत.

माझं रक्त ह्यांच्याशी जुळत नाही, मी तपासून घेतलं. तुला हे का लिहिते मला माहीत नाही. ये म्हणून पण लिहीत नाही. पण बाय, तू त्यांना दारुडा समजून तिकडे बसावंस हे मला सहन होत नाही.

तुझी,
एमिलियाकाकी

*

कोपरी
२३ मे १९९२

प्रिय डॉरिस,

काकीने पत्र टाकलं ते आज तिच्या तोंडूनच कळलं. तिच्या पोटात काही राहत नाही. पत्र पेटीत गेलं, आता काढता येत नाही, नाहीतर जगनला पेटीत हात घालायला लावलं असतं.

तर आता कळलं तुला. बरं झालं की वाईट, माहीत नाही. तुझा राग आला नाही मला. खरं तर आराम होता. तू तिकडे रागात बसलीस, ड्युटी करतेस, कागद पुढे सरकतायत, असं समजून मी निवांत होतो. अर्धं मीच लिहिलं होतं गो. सांगायचं होतं आणि सांगायचं नव्हतं. उरलेलं अर्धं तू तुझ्या मनाने भरलंस, त्यात तुझा दोष काय? फिलिपने तुला दुसरं काय दाखवलं?

आता नीट ऐक. येऊ नकोस. मशीनने चाललंय, चालेल. डॉक्टर म्हणतो लोक पाच-पाच वर्षं काढतात. तुझे कागद झाले की मग बघू. किडनीचं तर नावच काढू नकोस, माझ्या घरात तो विषय नाही. मी सांगतोय म्हणून येऊ नकोस. ऐकशील ना?

काका

*

बाल्टिमोर
१४ जून १९९२

प्रिय काका,

दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. आधी काकीचं फोडलं.

माझ्या वॉर्डात किडनीचे पेशंट असतात. त्यांचं दिवसाचं पाणी मी मोजते. बर्फाचा खडा दिला तरी तक्त्यात लिहिते. कुणी चोरून नळाला तोंड लावलं तर पायाची सूज बघून ओळखते आणि ओरडते. हेच माझं काम आहे, काका. आणि तुम्ही लिहिलंत पाय सुजले, तोंड सुजलं, अडीच बाटल्या. आपली बाटली दोनशेची. अडीच म्हणजे पाचशे. हे मी चौथीत तोंडी सांगायचे. मी ते केलंच नाही. मला पप्पा दिसले आणि मी तुम्हाला फटकावलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. 'कशात मिसळायला' असं लिहिलं मी! माफ करा. कुठल्या तोंडाने म्हणू ते कळत नाही, पण माफ करा.

पुढचं लिहू की नको म्हणून चार कागद फाडले. लिहिते.

काकीचं वाचून मी रडले, कपाटावरची बॅग काढली, पलंगावर ठेवली, दोन साड्या आत पण टाकल्या. मग तुमचं फोडलं. 'येऊ नकोस' असं वाचलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. साड्या बाहेर काढल्या. बॅग परत वर ठेवली. त्या संध्याकाळी मी पोटभर जेवले, काका.

तेव्हापासून मला माझं तोंड आरशात बघवत नाही. मला कागद जायची भीती वाटते, तीन वर्षं वाया जायची, परत कोपरीत येऊन पहिल्यापासून सुरू करायची. आणि ऑपरेशनची पण भीती वाटते. पेशंटना धीर देते, पण स्वतःच्या पोटावर सुरी म्हटली की हात गार पडतात. तुम्ही मला सोड्याच्या क्रेटवर बसवून शिकवलंत, वाढवलंत, आणि मी अशी निघाले. हे लपवून गोड पत्रं लिहिता आली असती. पण आपण दोघांनी मिळून सहा महिने खोट्यात घालवले, आता मला ते जमत नाही. मी खूप दमलेय.

आज म्युझियमला जाऊन आले. वेगळं पान जोडलंय, संध्याकाळसाठी. दोन नवीन नळ लावलेत. बर्फाचे बारीक खडे तोंडात धरत जा, पाण्यापेक्षा जास्त वेळ टिकतात, फक्त ते अडीचमध्ये धरायला काकीला सांगा. लिंबाची फोड जिभेवर फिरवा, पण चोखू नका.

तुमची,
डॉरिस

*

कोपरी
३ जुलै १९९२

प्रिय डॉरिस,

तुझं पत्र काकीला दिलं नाही. 'सुटल्यासारखं वाटलं' हे वाचून मला राग येईल म्हणून मी जरा वेळ थांबलो. आला नाही. हायसं वाटलं, ह्या घरात कुणीतरी एकदाचं खरं बोललं. भीती वाटते त्यात लाजायचं काय? मला मशीनच्या सुईची वाटते, दर वेळी. जगनचा हात धरतो.

आता माझं ऐक. 'येऊ नकोस' लिहिलं ते खोटं होतं. लिहिताना मनात होतं, ही कसली ऐकतेय, लहानपणापासून हिने माझं ऐकलं कधी? येईलच. पोस्टात टाकलं आणि दिवस मोजायला लागलो. आणि तू नेमकं ह्या वेळी ऐकलंस.

किडनी नको. हे मात्र खरं. तू दिलीस तरी मी सही करणार नाही, डॉक्टरला सांगून ठेवलंय. ती भीती काढून टाक.

मागच्या शनिवारी मशीनवर असताना मधेच डोळ्यापुढे अंधार आला. शुद्धीवर आलो तर डॉक्टर काकीला बाहेर नेऊन काहीतरी सांगत होता. आत आली आणि म्हणाली, काही नाही, औषध बदललंय. तीस वर्षं संसार केला, तिला अजून खोटं बोलता येत नाही. पाच वर्षांचं काही खरं नाही, डॉरिस. वर्षाचं पण नाही.

तुझं पान वाचलं. छान लिहिलंस, नवे दोन्ही नळ. पण पत्राने घसा ओला होत नाही. उगाच तुझं मन राखायला बोलत नाही.

शहाण्या माणसाने लिहिलं असतं, आधी कागद होऊ दे, मग ये. मी पण तसंच लिहिलं होतं, ते पान फाडलं. कागद गेले तर तू मला जन्मभर बोल लावशील. लाव. मला तुला बघायचंय. ये.

बुधवार-शनिवार मशीन असतं. बाकीचे दिवस मी घरीच असतो.

काका